तासाला ९५ सेंट

‘द हेल्प’ या अमेरिकी चित्रपटातली मोलकरीण मिनी आपल्या लेकीला, शुगरला, कामाच्या पहिल्या दिवशी बसथांब्यावर उभी राहून चार गोष्टी शिकवते. मालकिणीचा स्वयंपाक करताना चव घ्यायची तर वेगळ्या चमच्यानं घ्यायची. तोच चमचा परत पातेल्यात गेलेला दिसला, तर सगळं अन्न टाकून द्यावं लागेल. रोज एकच कप, एकच ताटली वापरायची आणि आपली भांडी आपल्या जागी वेगळी ठेवायची. मी लॅपटॉप थांबवला आणि हे मराठीत सांगायला लागले. चमच्यापर्यंत पोचले नाही तोच मागच्या रांगेतून आवाज आला, ‘आमचा कप गॅलरीत असतो, धुण्याच्या साबणाशेजारी.’ दुसरी म्हणाली, ‘माझ्या कपाचा कान तुटलाय. तुटला म्हणूनच माझ्या वाट्याला आला.’ पहिल्यांदा हशा झाला. मग कुणी बोलेना, आणि मी फिल्म पुढे चालू केली.

पुण्यातल्या एका वस्तीतल्या समाजमंदिरात, रविवारी दुपारी, घरकाम करणाऱ्या १९ बायकांबरोबर मी ‘द हेल्प’ पाहिला. दर दोन महिन्यांनी आमचा अभ्यासवर्ग असतो; एरवी त्यात रजा, नोंदणी, थकलेला पगार असे विषय असतात. चित्रपट मीच सुचवला होता. तो १४६ मिनिटांचा आहे, थांबवत-सांगत साडेतीन तास लागले, आणि चौघीजणी मध्येच संध्याकाळच्या भांड्यांना निघून गेल्या. मी हा चित्रपट आधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा रडले होते, आणि त्याच्यावरचे आक्षेपही वाचले होते. तरी त्या दुपारी मला जो प्रश्न विचारला गेला, तो मला कधी पडला नव्हता.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य, राजधानीचं शहर जॅक्सन, साल १९६३. कॉलेज संपवून परतलेली स्कीटर ही गोरी मुलगी शहरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणींच्या मुलाखती घेऊन पुस्तक लिहायचं ठरवते. एबिलीन आधी तयार होते, मग मिनी, मग बाकीच्या. त्यांच्यासमोर उभी आहे हिली होलब्रुक. मोलकरणींसाठी प्रत्येक घरात बाहेर वेगळा संडास असला पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून ती झटते आहे. कॅथरिन स्टॉकेट यांची कादंबरी २००९ साली आली, टेट टेलर यांनी केलेला चित्रपट ऑगस्ट २०११ मध्ये. दोघंही जॅक्सनचे आणि लहानपणापासूनचे मित्र. व्हायोला डेव्हिस एबिलीन झाली आहे, ऑक्टेव्हिया स्पेन्सर मिनी. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटानं जगभरात २० कोटींहून जास्त मिळवले.

भाषांतर करताना पहिलीच अडचण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची आली. इंग्रजीत तो प्रश्न नाही. एबिलीन मालकिणीच्या नावाआधी ‘मिस’ लावते, मालकीण तिला नुसत्या नावानं हाक मारते. तेवढ्यावर सगळं भागतं. स्कीटर वयानं एबिलीनच्या लेकीसारखी, मनानं भली. म्हणून मी तिच्या तोंडी ‘तुम्ही’ घातलं. पुढच्या रांगेतल्या मावशींनी लगेच हटकलं, ‘ताई, ती तूच म्हणणार. चांगली असली तरी तूच म्हणणार.’ त्यांचंच बरोबर होतं, मी तिथून पुढे ‘तू’ केलं.

पगार किती?

प्रश्न आला तो चित्रपट थोडा पुढे गेल्यावर. मालकिणीच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एबिलीनसाठी संडास बांधून झाला आहे, आणि आता तुला तुझा स्वतःचा संडास मिळाला, बरं वाटतं ना, असं मालकिणीची मैत्रीण हिली तिला सगळ्यांदेखत विचारते. एबिलीन आभार मानते. त्या क्षणी व्हायोला डेव्हिसचा चेहरा जे करतो ते शब्दांत मांडणं कठीण आहे. गाल हलत नाही, आवाज चढत नाही, फक्त डोळे कुठेतरी आत निघून जातात. मी हे दृश्य मुद्दाम मागे नेऊन पुन्हा दाखवलं, कारण मला वाटत होतं की चित्रपटाचा जीव इथे आहे. दुसऱ्यांदा ते संपलं तेव्हा एका बाईंनी विचारलं, ‘तिला पगार किती?’

मला आठवेना. चित्रपटात सांगितलंय की नाही, तेही आठवेना. दोनदा पाहिलेल्या चित्रपटातला संडास, मिनीनं केलेला चॉकलेटचा ‘पाय’ हा गोड पदार्थ, हिलीच्या हिरवळीवर मांडून ठेवलेली डझनावारी जुनी कमोडं, सगळं मला तपशीलवार आठवत होतं. पगार आठवत नव्हता. मग आम्ही पार सुरुवातीला गेलो. तिथे तो होता, एबिलीनच्याच आवाजात: आठ ते चार काम, आठवड्याचे सहा दिवस, तासाला ९५ सेंट, महिन्याला १८२ डॉलर. त्यात स्वयंपाक, झाडू, धुणं, इस्त्री, बाजार, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मूल सांभाळणं. पुढे तिच्या पगाराचा हिशोब चित्रपट पुन्हा करत नाही.

मोलकरीण या आपल्या शब्दात पहिलंच अक्षर मोलाचं आहे. मोलानं काम करते ती. हल्ली हा शब्द कमीपणाचा वाटतो म्हणून मावशी, ताई, मेड, मदतनीस असं काय काय म्हणतात, आणि त्यामागची भावना मला कळते. पण या सगळ्या शब्दांत मोल गळून पडतं. त्या चित्रपटाच्या नावाचंही तसंच आहे. दक्षिणेतल्या गोऱ्या घरांत कामाच्या माणसांना सरसकट ‘हेल्प’ म्हणत. मदत म्हटलं की तिचा दर काय, हे विचारायचं राहून जातं.

तर त्या ९५ सेंटांचा हिशोब. १९६३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतलं केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला १ डॉलर १५ सेंट होतं, त्या सप्टेंबरपासून ते सव्वा डॉलर झालं. एबिलीनला ते लागू नव्हतं. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यानं घरकामगारांना संरक्षण दिलंच नव्हतं. त्याआधी १९३५ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातूनही शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. त्याच वर्षीच्या संघटना करण्याच्या हक्काच्या कायद्यातूनही हे दोघे वगळलेले. अमेरिकेच्या संसदेत दक्षिणेतल्या डेमोक्रॅट पक्षाच्या खासदारांच्या मतांशिवाय त्या काळी असले कायदे पुढे सरकत नसत, आणि दक्षिणेत शेतात राबणारे, घरात राबणारे बहुतेक हात कृष्णवर्णीय होते. कायद्यात वर्णाचा एकही शब्द नाही, पण वाचणाऱ्याला कळावं ते कळत होतं. नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना पेन्शनमध्ये १९५० साली घेतलं. किमान वेतन त्यांच्यापर्यंत पोचायला १९७४ उजाडलं.

फळ्यावर मांडलं. १ डॉलर १५ वजा ९५ सेंट, म्हणजे तासाला २० सेंट कमी. आठ तास, सहा दिवस, आठवड्याचे ४८ तास. आठवड्याला ९ डॉलर ६० सेंट. आठ आठवड्यांचे ७६ डॉलर ८० सेंट.

आता चित्रपटातली यूल मे आठवा. मिनीला काढून टाकल्यावर हिलीकडे कामाला लागलेली बाई. तिला जुळे मुलगे आहेत. दोघांना कॉलेजात घालायला नवरा-बायकोनं पैसे साठवले आहेत, कमी पडताहेत फक्त ७५ डॉलर. ती हिलीकडे उसने मागते, फेडीन म्हणते. हिली नाही म्हणते, वर धर्माचे दोन शब्द सुनावते. पुढे कोचामागे झाडताना यूल मेला एक अंगठी सापडते, ती ती गहाण टाकते, आणि पोलीस तिला बसथांब्यावर सगळ्यांसमोर धरून नेतात. कायद्यानं एबिलीनसारखीच्या हातून आठ आठवड्यांत जेवढे काढून घेतले, जवळजवळ तेवढ्याच पैशांसाठी यूल मे तुरुंगात गेली. चित्रपट पाहणाऱ्याला वाटतं की हिलीनं तेवढं मन मोठं केलं असतं तर हे टळलं असतं. मला हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष वाटतो. तो सगळा अन्याय एका दुष्ट बाईच्या अंगात भरतो, ती बाई आपल्याला आवडत नाहीच, आणि मग आपण सुटलो.

खरं जॅक्सन

हे म्हणणारी मी पहिली नाही. चित्रपट आला त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्री-इतिहासकारांच्या संघटनेनं प्रेक्षकांना उद्देशून खुलं निवेदन काढलं. मिसिसिपीतल्या दहशतीच्या जागी छान कपडे घातलेल्या मोजक्या उच्चभ्रू बायका उभ्या केल्या, की वंशभेद ही व्यक्तीच्या खडूसपणाची गोष्ट होऊन बसते, असा त्यांचा एक आक्षेप होता. गोऱ्या घरांत काम करणाऱ्या बायकांना जो लैंगिक त्रास सोसावा लागे त्याबद्दल चित्रपट गप्प आहे, हा दुसरा. कृष्णवर्णीय पुरुष एक तर मारकुटे किंवा गायब, हा तिसरा. आणि मोलकरणींच्या तोंडी घातलेली मोडकीतोडकी बोली. हा चौथा मला लगेच पटला. आपल्याकडे मालिकेत मोलकरीण आली की तिला एक ठरावीक हेल देतात, मग ती लातूरची असो की कोकणातली.

चित्रपटात १२ जून १९६३ ची रात्र येते. मेडगर एव्हर्स या नेत्याचा त्याच्या घराच्या दारात खून होतो. बस थांबवून कृष्णवर्णीयांना उतरवतात, एबिलीन अंधारात धावत सुटते, घरात दार लावून बसते. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. एव्हर्स हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे मिसिसिपीतले सचिव. रात्री उशिरा बैठकीहून परतले, गाडीतून उतरले आणि पाठीत गोळी लागली. आत बायको-मुलं जागी होती. मारणारा बायरन डी ला बेकविथ. १९६४ मध्ये दोन वेळा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. शिक्षा झाली ती १९९४ साली, ३१ वर्षांनी.

पण जॅक्सन दार लावून बसलं नव्हतं. १५ जूनला एव्हर्सच्या शवपेटीमागून हजारो लोक रस्त्यावरून चालले. त्याच्या अडीच आठवडे आधी, २८ मे रोजी, शहरातल्या वूलवर्थ दुकानाच्या खानपानाच्या काउंटरवर टूगलू कॉलेजचे विद्यार्थी जाऊन बसले. तिथे फक्त गोऱ्यांना वाढत. जमावानं त्यांच्या डोक्यावर केचप, मोहरी, साखर ओतली, खाली पाडून मारलं, आणि ते तासन् तास बसून राहिले. त्यांत एक मुलगी होती, अ‍ॅन मूडी. तिच्याबद्दल मी बायकांना सविस्तर सांगितलं, कारण ती यांच्यातलीच आहे. नऊ वर्षांची असल्यापासून ती गोऱ्यांच्या घरी कामाला जात होती. पहिल्या घरी आठवड्याला ७५ सेंट आणि दूध मिळे. १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलं तेव्हा ती साधारण त्याच वयाची होती आणि एका वंशद्वेष्ट्या बाईकडे काम करत होती. त्या बाईच्या घरी गोऱ्या बायकांची बैठक भरे, आणि तिथेच मूडीच्या कानावर एनएएसीपी हा शब्द पडला. त्याचा अर्थ तिनं दुसरीकडून शोधून काढला. आठ वर्षांनी ती वूलवर्थच्या काउंटरवर होती, आणि १९६८ साली तिनं स्वतःचं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. तिला कुण्या स्कीटरची वाट पाहावी लागली नाही.

एकीनं विचारलं, ‘त्यांची संघटना नव्हती का?’ होती ना. माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, १९५५ च्या डिसेंबरपासून पुढच्या डिसेंबरपर्यंत. तो कामावर पायी जाणाऱ्या मोलकरणींच्या चपलांवर चालला. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण होती. कोर्टात साक्ष दिल्यावर तिचं काम गेलं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी घरी केक आणि पाय भाजून विकले आणि त्या पैशांवर लोकांना ने-आण करणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भरलं. गटाचं नाव ठेवलं होतं ‘कुठूनच नाही’ अशा अर्थाचं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरंच उत्तर देता यावं. पुढे १९६८ मध्ये अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगारांची संघटना उभी केली. मोलकरणी ज्या बसनं जात त्या बसमध्येच त्यांना गाठायचं, आणि सभासद व्हायचं तर मतदार यादीत नाव घालायचं, ही अट. हे ऐकून आमच्यातल्या वयानं मोठ्या दोघींनी १९८० च्या पुण्यातल्या मोलकरणींच्या संपाची सासूकडून ऐकलेली हकिगत सांगितली. त्यात पुढची पंधरा मिनिटं गेली आणि ती मला चित्रपटापेक्षा जास्त मोलाची वाटली.

पाय

सगळ्यात मोठा हशा पिकला तो मिनीच्या चॉकलेट पायवर. मिनीनं वादळात घरातला संडास वापरला म्हणून हिलीनं तिला काढून टाकलेलं असतं. मिनी तिला पाय करून नेते, हिली दोन तुकडे खाते, आणि त्यात आपली विष्ठा कालवली आहे असं मिनी तिला सांगते. टाळ्या पडल्या. मला मात्र तिथे अंगावर काटा येतो. चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण ग्रीनवुड गावात झालं. एमेट टिल ज्या दुकानातल्या प्रसंगावरून मारला गेला ते मनी हे खेडं तिथून अगदी जवळ. बेकविथ ग्रीनवुडचाच, एव्हर्सला मारलं तेव्हा तिथेच राहायचा आणि खतं विकायचा. त्या मातीत एका मोलकरणीनं गोऱ्या बाईला हे खायला घालून तोंडावर सांगायचं आणि लाज वाटेल म्हणून ती गप्प बसेल यावर जीव टांगायचा, हे पटायला मला फार अवघड जातं. गोऱ्या-काळ्यांच्या समतेच्या बाजूनं छापील मजकूर वाटणंसुद्धा मिसिसिपीत गुन्हा होता, आणि हा कायदा चित्रपटातही वाचून दाखवला आहे. असल्या राज्यात सूड इतका स्वस्त नसतो.

मी हे बोलून दाखवलं, तेव्हा तुटक्या कानाचा कप असलेल्या बाई माझ्याशी भांडल्या. म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही सगळं खरं-खोटं करताय. हसू द्या ना आम्हाला. आणि त्या पोरीनं निदान विचारलं तरी. मी २२ वर्षं काम करते, मला कुणी विचारलं नाही की तुला कसं वाटतं.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. स्कीटरवरचे सगळे आक्षेप खरे आहेत. विचारलं जाण्याची भूकही खरी आहे.

व्हायोला डेव्हिसनं पुढे स्वतः याबद्दल सांगितलं. २०१८ मध्ये एका मुलाखतीत ती म्हणाली की या भूमिकेची आपल्याला खंत वाटते: ज्यांच्यासोबत काम केलं ती माणसं चांगली होती, पण शेवटी ऐकू आला तो मोलकरणींचा आवाज नव्हता. २०२० च्या उन्हाळ्यात मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं मारल्यावर अमेरिकेत नेटफ्लिक्सवर ‘द हेल्प’ सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांत वर गेला. हिलीचं काम केलेल्या ब्राइस डॅलस हॉवर्डनंच तेव्हा लिहिलं की ही गोष्ट एका गोऱ्या पात्राच्या नजरेतून, बहुतांश गोऱ्या कथाकारांनी सांगितलेली आहे, लोकांनी दुसरं काही पाहावं. स्पेन्सरला मिनीसाठी २०१२ चं ऑस्कर मिळालं, आणि तिच्या कामाला ते मिळायलाच हवं होतं. तरी मनात येतं की १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनियलला, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंताला, ते मिळालं तेही मोलकरणीच्याच भूमिकेसाठी, आणि त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

एक गोष्ट मी त्या दुपारी सांगितली नाही, वेळ झाला नव्हता. २०११ मध्येच, कादंबरीच्या लेखिकेच्या भावाकडे मुलं सांभाळणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंनी दावा लावला होता की एबिलीनमध्ये आपलं नाव आणि रूप न विचारता वापरलं आहे. लेखिकेनं ते नाकारलं. कोर्टानं दावा काढून टाकला, कारण मुदत एक वर्षाची होती आणि ती उलटली होती. एबिलीन त्यांच्यावरून घेतली की नाही, हा प्रश्न तिथे सुनावणीपर्यंत गेलाच नाही.

शेवटचं दृश्य सगळ्यांनी शांतपणे पाहिलं. हिलीनं चोरीचा आळ घेतलेला आहे, एबिलीनचं काम गेलं आहे. ती सांभाळत असलेली मालकिणीची छोटी लेक मे मोबली खिडकीच्या काचेला हात लावून रडते आहे. एबिलीन लांबच लांब रस्त्यानं चालत जाते आणि तिचा आवाज सांगतो की आता मोकळं वाटतंय. नावं पडद्यावर आली, दिवे लावले, चटया गोळा व्हायला लागल्या. पगार विचारणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. ‘महिना अर्धा झाला असेल ना तिचा,’ म्हणाल्या. ‘तेवढ्या दिवसांचे दिले का?’

मी मागे नेऊन पाहिलं. दोघींनी उभ्यानंच पाहिलं. कुणी देताना दिसत नाही.